चाळिशीत दातांना तारा: इंदूरमधील अडीच वर्षांच्या उपचाराचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या दातांवरच्या तारा निघाल्या. नाव नोंदवले होते ते जुलै २०२२ मध्ये, आणि तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या वेळी मी या उपचाराविषयी जे काही वाचायला शोधले, ते एक तर शाळकरी मुलांच्या आईवडिलांसाठी लिहिलेले होते किंवा दवाखान्यांच्या जाहिरातींच्या भाषेत होते. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला या काळात नेमके काय काय पार करावे लागते, हे सांगणारे फारसे काही हाती लागले नाही. त्यामुळे हे जरा तपशिलात लिहिते आहे. मी इंदूरमधील एका शाळेत गणित शिकवते. उपचार शहरातल्याच एका दंतमहाविद्यालयात घेतला, आणि त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

सुरुवात दिसण्यासाठी झाली नव्हती, हे आधी सांगते, कारण पुढे अडीच वर्षे प्रत्येकाने तेच गृहीत धरले. माझे खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि वरचे थोडे पुढे आलेले होते. खालच्या दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नसे, तेथे कीटण साचे आणि हिरड्यांतून रक्त येई. हिरड्यांच्या तज्ज्ञांनी दात साफ करून दिले आणि स्पष्ट सांगितले, की दात असेच गर्दी करून राहिले तर हिरड्यांचे दुखणे पुन्हा पुन्हा उलटेल आणि दातांभोवतीचे हाड हळूहळू खाली जाईल. विजयनगर भागातील दोन खासगी दवाखान्यांत चौकशी केली. धातूच्या तारांसाठी ४५ ते ६० हजार आणि काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांसाठी दोन लाखांच्या घरात, असे आकडे मिळाले. आमच्या आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दातांचा कोणताही उपचार बसत नव्हता, आणि बहुतेक पॉलिसींत तो बसतच नाही. त्यामुळे सगळा खर्च खिशातूनच होणार होता. दंतमहाविद्यालयात तोच उपचार पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. तेथे खर्च निम्म्याच्या आसपास येतो, पण वेळ जास्त द्यावा लागतो. मी दुसरा मार्ग निवडला.

नोंदणीचा पहिला दिवस सगळा रांगांत गेला. ५० रुपयांचा केसपेपर काढायचा, तो घेऊन आधी तपासणी विभागात जायचे, तेथून हिरड्यांच्या विभागात आणि शेवटी दंतव्यंगोपचार विभागात, ज्याला तिथले शिपाईसुद्धा सरळ ‘ऑर्थो’ म्हणतात. प्रत्येक ठिकाणी केसपेपरावर शिक्का आणि सही लागत असे. सकाळी साडेनऊच्या आत पोहोचले तर त्याच दिवशी तिन्ही खोल्या पार पडतात, अकरानंतर पोहोचले तर जेवणाच्या सुट्टीत अडकायला होते, हे मला पहिल्याच दिवशी समजले आणि पुढे मी शाळेची अर्धी रजा नेहमी सकाळचीच घेतली. आधारकार्डाची प्रत, जुने एक्स-रे आणि घेत असलेल्या औषधांची यादी बरोबर असू द्यावी. ही यादी जवळपास प्रत्येक खोलीत विचारली जाते.

तारा लागण्याआधी हिरड्या निरोगी असाव्या लागतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत यावर डॉक्टर अडून बसतात आणि ते योग्यच आहे, कारण सुजलेल्या हिरडीतला दात हलवला तर हाडाचे नुकसान होते. माझी हिरड्यांखालची खोल सफाई दोन टप्प्यांत झाली. त्यानंतर काही आठवडे थांबून पुन्हा तपासणी झाली आणि मगच नोंदी घेण्याचे काम सुरू झाले. संपूर्ण जबड्याचा एक एक्स-रे, डोक्याचा बाजूने घेतलेला दुसरा, तोंडाच्या आतली आणि चेहऱ्याची छायाचित्रे, आणि दातांची मापे. मापे घेताना एका ट्रेमध्ये भरलेला गार, गुलाबी लगदा तोंडात दाबून धरतात आणि तो घट्ट होईपर्यंत दोनेक मिनिटे थांबावे लागते. वरच्या जबड्याच्या वेळी मला उमळून आले. तेथल्या डॉक्टरांनी मान पुढे झुकवायला, नाकाने सावकाश श्वास घ्यायला आणि पायाची बोटे हलवत राहायला सांगितले. हा शेवटचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण लक्ष दुसरीकडे जाते आणि मळमळ ओसरते. त्या दिवशी पोट भरून जेवून जाऊ नये.

याच दिवसांत एका विद्यार्थिनीने तिच्या प्रबंधासाठी एक अर्ज भरायला दिला. दातांच्या उपचाराची भीती मोजणारी ती पाच प्रश्नांची पट्टी होती. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची पट्टी तयार केली होती, तिच्यात १९९५ मध्ये हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शनचा प्रश्न घालून ही सुधारित पट्टी केली, असे तिने सांगितले. उद्या दवाखान्यात जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर वाट पाहताना कसे वाटेल, दात कोरताना, साफ करताना आणि हिरडीत इंजेक्शन देताना कसे वाटेल, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण ५ ते २५, आणि १९ किंवा त्याहून अधिक गुण आले तर माणूस फार घाबरलेला आहे असे समजतात. माझे गुण बरेच कमी आले आणि विद्यार्थिनीने समाधानाने अर्ज ठेवून घेतला. मला मात्र त्या आठवड्यात रात्री धड झोप नव्हती. सुईची किंवा मशीनच्या आवाजाची भीती मला कधीच नव्हती. निरोगी दात काढावे लागतील का, दोन वर्षे वर्गापुढे कशी उभी राहीन, पैसे भरून मध्येच काही बिनसले तर कोणाकडे जायचे, या वयात हाड साथ देईल का, असले प्रश्न डोक्यात फिरत होते आणि त्यांतला एकही त्या कागदावर नव्हता. खुर्चीवर बसल्यावर मी शांत असे. धाकधूक व्हायची ती दोन भेटींच्या मधल्या काळात.

उपचाराची आखणी सांगायला सप्टेंबरच्या मध्यावर बोलावले. मला ज्या डॉक्टर मिळाल्या त्या पंचविशी ओलांडलेल्या, पदव्युत्तरच्या मधल्या वर्षात शिकणाऱ्या होत्या. त्यांनी माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे टेबलावर ठेवून सगळे समजावले. वर-खाली दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ, म्हणजे एकूण चार दात काढायचे, त्यातून प्रत्येक बाजूला साधारण सात मिलिमीटर जागा मिळते, त्यातली काही जागा गर्दी सोडवण्यात जाईल आणि उरलेल्या जागेत पुढचे दात मागे येतील. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की दात ज्या दिशेने ढकलला जातो त्या बाजूचे हाड पेशी झिजवतात आणि मागच्या बाजूला नवे हाड भरले जाते. ही क्रिया मोठ्या वयातही होते, फक्त सुरुवात थोडी सावकाश होते. रिकामी जागा महिन्याला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेगाने भरते. जोर वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाहीत, उलट मुळांना इजा होऊ शकते. हे ऐकल्यावर ‘दोन ते अडीच वर्षे’ हा आकडा मला डॉक्टरांचा लहरीपणा वाटेनासा झाला.

संमतिपत्र हिंदी आणि इंग्रजीत होते. मुळांची टोके थोडी झिजू शकतात, सफाई नीट न राहिल्यास दातांवर कायमचे पांढरे डाग पडतात, उपचारानंतर दात परत सरकू शकतात, असे त्यात लिहिले होते. डॉक्टरांनी त्यात स्वतःहून आणखी एक गोष्ट पेनाने लिहिली: माझे हिरडीचे हाड आधीच थोडे कमी झालेले असल्यामुळे खालचे दात सरळ झाल्यावर त्यांच्यामध्ये हिरडीजवळ छोटे काळे त्रिकोण दिसतील. सही करण्यापूर्वी मी ते कागद एक दिवस घरी आणले. असे करता येते. कोणी नाही म्हणत नाही.

उपदाढा काढायचा मुहूर्त सासूबाईंनी लांबवला, कारण तेव्हा पितृपक्ष चालू होता. त्यामुळे नवरात्रात एका आठवड्यात उजव्या बाजूचे आणि पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूचे दात निघाले. रक्तातील साखरेचा अहवाल आधी मागितला होता. प्रत्यक्ष दात काढताना दाब आणि कडकड असा आवाज जाणवतो, दुखत नाही. नंतर तासभर कापूस दाबून धरायचा, त्या दिवशी थुंकायचे नाही, गरम घ्यायचे नाही, नळीने काही प्यायचे नाही. नवरात्र असल्यामुळे मोरधन (म्हणजे भगर) आणि दही यांवर सहज निभावले.

तारांच्या आठवडाभर आधी दाढांच्या मध्ये निळ्या रबराच्या बारीक कड्या बसवल्या. दाढांभोवती धातूचे पट्टे चढवायला जागा व्हावी म्हणून त्या असतात. बसवायला क्षणभर लागतो, पण त्यानंतरचे तीन दिवस मला संपूर्ण उपचारातले सर्वांत त्रासाचे गेले. घास चावताच दाढांत कळ येत असे. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा इतका त्रास होईल हे कोणी आधी नीट सांगितले नव्हते, आणि मला वाटले की हीच सुरुवात असेल तर पुढे काय होईल. पुढे इतका त्रास झाला नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तारा बसल्या त्या ऑक्टोबर २०२२ च्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर. दीड तास तोंड उघडे ठेवणाऱ्या चौकटीमुळे ओठ कोरडे पडतात, म्हणून आधी व्हॅसलिन लावून जावे. दातांवर निळे आम्लाचे जेल लावतात, धुतात, वाळवतात, मग एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारी छोटी खाच असलेली चकती, चिकटवून निळा प्रकाश टाकतात. यात दुखण्यासारखे काहीच नाही. शेवटी निकेल-टायटेनियमची १४ नंबरची, म्हणजे ०.०१४ इंच जाडीची तार ओवली. उठताना डॉक्टर म्हणाल्या, “मॅम, दर्द चार घंटे बाद शुरू होगा, कल सबसे ज़्यादा रहेगा, और हफ़्ते भर में चला जाएगा.” अगदी तसेच झाले. संध्याकाळी ठणका सुरू झाला, दुसऱ्या दिवशी मऊ पोळीचा तुकडाही समोरच्या दातांनी तोडता येईना, आणि पाचव्या दिवशी मी दुखणे विसरून गेले. ते दुखणे रबराच्या कड्यांपेक्षा फारसे कमी नव्हते, पण मी घाबरले नाही, कारण ते केव्हा येणार आणि केव्हा जाणार हे माहीत होते. गोळी घ्यायचीच झाली तर पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन शक्यतो नको, असे त्यांनी सांगितले होते. दात सरकवणाऱ्या क्रियेत जी रसायने लागतात त्यांनाच दुसरी गोळी अडवते, म्हणून ही खबरदारी. ही तार थंडीने मऊ पडते, त्यामुळे ठणका लागला की गार पाण्याची चूळ काही मिनिटे तोंडात धरावी. गालाला घासणाऱ्या ब्रॅकेटवर लावायला मेणाची पेटी देतात. ब्रॅकेट आधी कोरडे पुसले तरच मेण चिकटते, हे मात्र पेटीवर लिहिलेले नसते.

इंदूरमध्ये राहून तारांचा पहिला महिना काढणे ही वेगळीच परीक्षा आहे. येथे पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, काही घरांत वरणभातावरही शेव. दिवाळीत चकली, कडबोळी, चिवडा यांना हात लावता आला नाही. बेसनाचे लाडू आणि अनारसे चालले. त्या काळात मला कळले की सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस हा तारांच्या रुग्णासाठी जणू मुद्दाम केलेला पदार्थ आहे, कारण कणीस किसलेले आणि दुधात शिजलेले असते, चावायला काहीच लागत नाही. साबुदाण्याची खिचडी चालते, पण वरची शेव आणि शेंगदाणे बाजूला ठेवावे लागतात. गराडू हा हिवाळ्यातला कंद मात्र तळून कडक केलेला असल्यामुळे दोन हिवाळे सोडावा लागला. छप्पन दुकान या खाऊगल्लीत मंडळी गेली की मी दहीवडा घेत असे. सफरचंद, पेरू, गाजर हे पातळ कापून मागच्या दाढांनी खाल्ले तर चालतात. सुपारी, चिक्की आणि बर्फ पूर्ण बंद. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: ब्रॅकेटवर तार बांधणारी बारीक रबरे पारदर्शक घेतली तर हळदीने दोन दिवसांत पिवळी होतात आणि पुढच्या भेटीपर्यंत तशीच राहतात. राखाडी रंगाची मागावीत.

बोलण्याची मला जास्त काळजी होती. ओठांमागे नवा उंचवटा आल्यामुळे पहिले काही दिवस ‘स’ आणि दातांना जीभ लावून म्हणायचे ‘च’ आणि ‘ज’ थोडे फुसफुसत येत, आणि गणिताच्या तासाला सात, सत्रह, साठ, सत्तर टाळता येत नाहीत. मी रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना मोठ्याने मराठी पाढे म्हणू लागले. दोन आठवड्यांत जीभ सरावली. वर्गाला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की मला तारा लागल्या आहेत आणि त्यांचे नाव काय, किती दिवस राहतील, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी आताच विचारावे. नववीतल्या ज्या मुलींना स्वतः तारा होत्या त्यांनी मला मेणाच्या चांगल्या कंपनीचे नाव सांगितले. शिक्षकांच्या खोलीत मात्र ‘आता कशाला’ हा प्रश्न बरेच दिवस चालला. त्याला मी हिरड्यांचे कारण सांगत असे. नंतर नंतर सांगणेही सोडले.

२०२३ चे वर्ष बहुतेक एकसुरी गेले. चार ते सहा आठवड्यांनी आयबसने (शहर बसने) जायचे, तार बदलायची किंवा दात ओढून धरणारी रबराची साखळी घट्ट करायची, दोन दिवस मऊ खायचे. बारीक गोल तारांवरून जाड चौकोनी पोलादी तारांपर्यंत मजल गेली आणि मग काढलेल्या दातांच्या जागा भरू लागल्या. याच टप्प्यात मन सर्वांत खचते असे मला वाटते, कारण पहिल्या चार-पाच महिन्यांत वाकडे दात झरझर सरळ होताना दिसतात आणि त्यानंतर आरशात काही घडतच नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच खिडकीपाशी, ओठ त्याच रीतीने ओढून छायाचित्र काढत असे. तीन महिन्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली की फट कमी झालेली दिसते. रोज आरसा पाहून दिसत नाही. ब्रशसोबत दोन दातांमधला बारीक गोल ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट लागते, आणि शाळेच्या पर्समध्ये हे सगळे एका डबीत असावे. ब्रॅकेट निघाले तर ते परत चिकटवायला २०० रुपये लागत, आणि ते नेहमी सुट्टीच्या आदल्या दिवशीच निघते. मागची तार टोचू लागली तर मेण लावून ठेवावे आणि दवाखान्यात जाऊन कापून घ्यावी. घरच्या पकडीने कापू नये, तुकडा घशात जाऊ शकतो.

मे २०२४ मध्ये मला सर्वांत मोठा धक्का बसला, आणि त्याचा दातांशी काही संबंध नव्हता. ठरलेल्या तारखेला मी गेले तेव्हा माझ्या डॉक्टरांचे नाव फलकावरून पुसलेले होते. त्यांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपला होता आणि माझी फाइल ‘ट्रान्स्फर’च्या कपाटात गेली होती. नवे डॉक्टर नेमेपर्यंत थांबा, फोन येईल, असे सांगितले गेले. काही आठवडे फोन आला नाही. जागा जवळपास भरल्या होत्या, साखळी सैल पडली होती, आणि आता सगळे परत उघडते की काय या विचाराने मी रोज जिभेने ती फट चाचपत बसे. शेवटी मी लेखी अर्ज केला, त्यावर केस क्रमांक आणि मागच्या हप्त्याच्या पावतीची प्रत जोडली, आणि विभागप्रमुखांची सही घेतली. त्यानंतर दोन दिवसांत नवे डॉक्टर मिळाले. दंतमहाविद्यालयात ही व्यवस्था सगळीकडेच असते आणि ती चुकीची नाही, शिकणारा माणूस शिकून बाहेर पडणारच. पण हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. म्हणून माझा आग्रह आहे, की उपचार सुरू करतानाच ‘तुम्ही कोणत्या वर्षाला आहात आणि तुमच्यानंतर माझी केस कोण पाहील’ हे विचारावे, देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांचे नाव केसपेपरावर लिहून घ्यावे, आणि एक्स-रे व छायाचित्रांची प्रत स्वतःजवळ ठेवावी. नव्या डॉक्टरांना माझ्या मोबाइलमधल्या दर महिन्याच्या छायाचित्रांचा चांगलाच उपयोग झाला.

नवे डॉक्टर कमी बोलणारे होते. काम नीटनेटके, पण का करतो आहोत ते सांगायची सवय नाही. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत अडकवायची छोटी रबरे त्यांनी दिली आणि ‘दिन-रात पहनना है’ इतकेच म्हणाले. मी वहीत प्रश्न लिहून नेऊ लागले. प्रश्न कागदावर दिसले की त्यांचीही अडचण दूर होई आणि ते एकेकाचे नीट उत्तर देत. ती रबरे चोवीस तास, फक्त जेवताना काढून, आणि दिवसातून दोनदा नवी लावायची असतात, कारण ताणून ताणून त्यांचा जोर कमी होतो.

तारा काढायला तासभर लागला. एका चिमट्याने ब्रॅकेट चिमटून काढतात तेव्हा दात तुटल्यासारखा आवाज होतो. तुटतो तो फक्त चिकटवण्याचा पदार्थ. मग उरलेला पदार्थ मशीनने घासून काढतात. जीभ फिरवल्यावर दात ओळखीचे वाटत नाहीत, गुळगुळीत आणि मोठे वाटतात, आणि ही भावना दोन-तीन दिवस राहते.

त्याच दिवशी पुन्हा एका विद्यार्थ्याने अर्ज हातात दिला, या वेळी समाधानाचा. दातांच्या ठेवणीविषयी, चेहऱ्याविषयी, खर्चाविषयी, डॉक्टरांच्या वागण्याविषयी प्रश्न होते. दात सरळ आहेत, हिरड्यांतून रक्त येणे थांबले आहे, वरची आणि खालची मध्यरेषा किंचित चुकते आणि खालच्या दातांत ते काळे त्रिकोण आले आहेत. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या ठिकाणी असेच त्रिकोण राहिले आणि ती अजून डॉक्टरांवर चिडून आहे. मला ते संमतिपत्रावर निळ्या पेनाने लिहिलेले माहीत होते, त्यामुळे त्या प्रश्नापुढे मी ‘पूर्ण समाधानी’ असे चिन्ह केले. ‘माहिती वेळेवर मिळाली का’ या प्रश्नापुढे मात्र मी मधला पर्याय निवडला आणि खालच्या रिकाम्या जागेत मे २०२४ मधला प्रकार लिहिला. प्राध्यापकांनी तो वाचला आणि बदलीची सूचना देणारा कागद आता नोंदणीच्याच वेळी देऊ असे म्हणाले. तसे होऊ लागले आहे का ते मी पुढच्या भेटीत विचारणार आहे.

खर्चाचा हिशेब असा: मुख्य उपचार २८ हजार, चार हप्त्यांत, हिरड्यांची सफाई १,२००, दोन्ही एक्स-रे ७००, दात काढण्याचे प्रत्येकी ३००, तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरचे ३,०००. किरकोळ धरून ३५ हजारांच्या आसपास. मूळ आकड्यात रिटेनर धरलेले नसतात, हे दवाखाना खासगी असो वा महाविद्यालयाचा, आधी विचारून घ्यावे.

रिटेनर म्हणजे उपचाराचा उरलेला भाग, आणि तो मोठ्या माणसांच्या बाबतीत संपत नाही. खालच्या सहा दातांना आतून एक बारीक तार कायमची चिकटवली आहे. तिच्याखालून दोरा ओवून सफाई करावी लागते. वरचा पारदर्शक साचा आधी सहा महिने जेवणाखेरीज पूर्ण वेळ आणि नंतर रोज रात्री घालायचा आहे. तो गरम पाण्यात धुतला की वाकडा होतो आणि मग दात त्यात बसत नाहीत. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. बाहेर जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये, बहुतेक रिटेनर असेच कचऱ्यात जातात. डबी पर्समध्येच असावी. वरचा साचा करताना मी जादा पैसे भरून त्याची दुसरी जोडीही करून घेतली आणि वर सांगितलेल्या ३,००० रुपयांत ती धरली आहे. एखाद्या रात्री साचा घट्ट बसला तर समजावे की दात हलू पाहत आहेत, आणि अशा वेळी न घालता सोडून देण्याऐवजी घालायचे तास वाढवून विभागात फोन करावा. तपासणीला जाताना साचा, डबी आणि केसपेपर तिन्ही न्यावे. केसपेपर नसेल तर पुन्हा ५० रुपये भरून नव्या रांगेत उभे राहावे लागते.